ग्लूटेन-फ्री स्वयंपाकासाठी घरघंटी: घ्यावी का?

आधी निकाल सांगून टाकते, घाई असेल त्यांनी इथूनच परत जायला हरकत नाही. घरात कुणाला सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार असेल, म्हणजे गहू पूर्ण बंद आणि चिमूटभरही चालत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर घरघंटी घ्या. तसं काही नसेल आणि नुसतं ताजं पीठ, पौष्टिक पीठ, सगळे मिलेट मिलेट करतायत म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण टाका, तिथलं पीठ जास्त चांगलं येतं. हे घरघंटी विकणाऱ्यांना आवडणार नाही पण मी दोन्ही पिठांच्या भाकऱ्या थापल्यात त्यामुळे ठामपणे सांगतेय.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. पुण्यात दुकानांमधून जी मशीन्स पाहिली ती आतून जवळजवळ सारखीच होती, एक एचपीची मोटर, वर धान्य ओतायचा हॉपर, मध्ये स्टीलच्या पात्यांचा चेंबर, त्याला बदलता येणारी जाळी, खाली पिठाचा डबा आणि हवा बाहेर जायला कापडी पिशवी. बाकी फरक म्हणजे बाहेरच्या सनमायकाचा रंग आणि सेल्समनचा उत्साह. आमचं मशीन वीस हजारांच्या थोडं अलीकडे पडलं.

आता हे घ्यायची वेळ का आली ते सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या सासूबाईंचं, मी त्यांना आईच म्हणते, हिमोग्लोबिन काही केल्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, बीट झालं, लोखंडी कढईत भाज्या झाल्या, पोट कायम फुगलेलं आणि थकवा, आणि सगळे म्हणायचे वय झालं आता. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट सांगितली, ती पॉझिटिव्ह आली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला आणि सिलिअ‍ॅक निघाला. साठीनंतर! आम्हाला वाटायचं हा लहान मुलांचा आजार, पण तो कुठल्याही वयात कळू शकतो आणि मोठ्या माणसांत कधीकधी फक्त न सुधारणारा अ‍ॅनिमिया एवढंच लक्षण दिसतं. गव्हातल्या आणि जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं, अस्तर सपाट होतं आणि मग लोह काय, कॅल्शियम काय, नीट शोषलंच जात नाही. गोळ्या घेऊन उपयोग का होत नव्हता ते तेव्हा कळलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. संशय आला म्हणून लगेच गहू बंद करून बघू असं करू नका, टेस्ट होईपर्यंत गहू खाणं चालू असावं लागतं, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आणि एकाला निघाला की रक्ताच्या जवळच्या नात्यातल्यांनी म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांनी टेस्ट करून घ्यायची असते. नवऱ्याची केली, निगेटिव्ह आली. त्याने त्या दिवशी संध्याकाळी पावभाजी खाल्ली.

तर गहू बंद म्हणजे पोळी बंद एवढंच आम्ही सुरुवातीला धरलं होतं, भाकरी आणि भात खायचा, त्यात काय एवढं, आपल्याकडे ज्वारी बाजरी आहेच की. पण आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरात काय काय आहे ते लिहून आणायला सांगितलं आणि त्या यादीवर एकेक करून काट मारत गेल्या. रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडया हे तर समजण्यासारखं. मग थालीपिठाची भाजणी, कारण त्यात आमच्याकडे गहू असतो. मग मेतकूट, त्यातही थोडे गहू भाजून घातलेले असतात. सातूचं पीठ, त्यात गहू किंवा जव. सोया सॉस, कारण तो बहुतेक वेळा गहू घालून बनवतात. साधे ओट्स, कारण ते गव्हाबरोबर हाताळले जातात. आणि सगळ्यात शेवटी हिंग! हिंगावर काट मारल्यावर आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, म्हणाल्या, ‘‘अहो मग आमटीला फोडणी कशाची द्यायची?’’ तर डबीत मिळतो तो बांधणी हिंग असतो, त्यात खरा हिंग थोडा आणि बाकी डिंक आणि पीठ, आणि ते पीठ बऱ्याच ब्रँडमध्ये गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. घरातली डबी उलटून बारीक अक्षरं वाचून बघा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, शोधावा लागतो एवढंच. पण मग तोच नियम विकतच्या सांबार मसाल्याला, लोणच्याच्या मसाल्याला, पापडांना, चिवड्याला, जिथे जिथे हिंग तिथे तिथे लेबल वाचणं आलं.

एवढं सगळं करूनही काही महिन्यांनी परत टेस्ट केली तर आकडा खाली आला होता पण जितका यायला हवा तितका नाही. डॉक्टरांनी विचारलं पीठ कुठून आणता. आम्ही म्हटलं गिरणीतून, ज्वारी दळून आणतो. ते म्हणाले, मग तिथूनच जात असणार.

आता ज्यांनी गिरणीत उभं राहून दळण घेतलंय त्यांना हे लगेच कळेल. आपण काय सांगतो, दादा ज्वारीवर ज्वारी दळा हं, गव्हावर नको. कारण आधीच्या माणसाचं पीठ जात्यात आणि खालच्या तोंडाशी थोडं राहतंच आणि ते आपल्या डब्यात येतं. साध्या माणसाला त्याने भाकरी जरा चिवट होते, एवढाच फरक. आमच्या गिरणीत गव्हाची चक्की वेगळी आहे, पण दोन्ही चक्क्या एकाच खोलीत, हवेत सगळीकडे पांढरं धुकं, आणि डब्यावर पीठ झटकायला एकच कुंचा. मी घरी येऊन हिशोब केला. सिलिअ‍ॅकवाल्यांना रोज साधारण 50 मिलीग्रॅम ग्लूटेन पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. एका मध्यम पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग झाला, ताटात पडलेला चुरा! गिरणीच्या हवेत त्याहून जास्त उडत असेल.

गिरणीवाल्या दादांचा यात काही दोष नाही. उलट त्यांना मी समजावायला गेले तर पटकन म्हणाले, ‘‘ताई, उपवासाच्या दळणासारखंच की, नवरात्रात आम्ही चक्की साफ करून एक दिवस फक्त वरई-राजगिराच घेतो, त्या दिवशी या.’’ मला हे फारच आवडलं कारण डॉक्टरांनी अर्धा तास समजावलेलं त्यांनी एका वाक्यात ओळखलं होतं. पण उपवासाच्या दळणाला चालणारी सफाई सिलिअ‍ॅकला पुरत नाही, दगडाला टाकी मारून केलेल्या खाचांमध्ये राहिलेलं पीठ झाडूने निघत नाही. आणि नवरात्र वर्षातून एकदा येतं.

तयार ग्लूटेन-फ्री आटा आणून बघितला, पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोला 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, त्यामुळे तो भरवशाचा असतो. पण भाव गव्हाच्या पिठाच्या तिप्पट-चौपट, आणि आम्ही आणला त्यात तांदूळ, मका, टॅपिओका यांचाच भरणा होता. आईंनी एक पोळी खाल्ली आणि म्हणाल्या, ‘‘अगं, ही खाण्यापेक्षा मी भात खाते.’’ बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, डायबेटिस आहे, आईंबरोबर तेही तेच खायला लागले तर नुसता स्टार्च पोटात, म्हणून तेही जमेना. त्यामुळे ज्वारी-नाचणीकडेच परत यायचं होतं, फक्त दळायचं घरी.

मशीन आलं तो दिवस मात्र लक्षात राहील. ऑर्डर देतानाच सांगितलं होतं की घरात पेशंट आहे, यात गहू कधीच जाणार नाही. डेमोला आलेल्या मुलाने मशीन लावलं, पुसलं, आणि पिशवीतून काय काढलं? गहू. किलोभर गहू, डेमोसाठी! मी ओरडलेच. तो बिचारा गोंधळला, म्हणाला मॅडम डेमो गव्हाचाच देतात, पीठ तुम्हालाच ठेवायचंय. त्याला पाणी देऊन बसवलं, घरातले तांदूळ काढून दिले आणि तांदळाचा डेमो झाला. पण मग माझ्या डोक्यात आलं की दुकानातला डिस्प्लेचा पीस तर नाही ना दिलेला, त्याचे तर रोज गव्हाचेच डेमो झाले असणार. फोन केला, सील पॅक आहे असं सांगितलं, तरी मी चेंबर उघडून, सगळ्या जाळ्या धुऊन वाळवून, कापडी पिशवी धुऊन, आणि पहिले दोन-तीन किलो तांदळाचं पीठ भाऊबीजेला आलेल्या नणंदेला देऊन टाकलं, तिने घावन केले. तुम्ही घेणार असाल तर ऑर्डर देतानाच लेखी सांगा की गव्हाचा डेमो नको आणि सील तुमच्यासमोर फोडा. कंपनीच्या माणसांना ग्लूटेन म्हणजे काय हे माहीत असेलच असं धरू नका, ते बिचारे दळण विकतात.

आता दळण कसं येतं ते धान्याप्रमाणे सांगते कारण सगळ्याला एकच उत्तर नाही.

तांदूळ एक नंबर. उकडीच्या मोदकांसाठी आंबेमोहोर धुऊन सावलीत पूर्ण वाळवून सगळ्यात बारीक जाळीवर दळला, वस्त्रगाळ म्हणतात तसं नाही पण मैद्याच्या चाळणीने एकदा चाळलं की झालं, पाकळ्या छान आल्या, फुटल्या नाहीत. हरभऱ्याच्या डाळीचं बेसनही उत्तम, आणि हा फायदा माझ्या लक्षात आधी आला नव्हता, की जाड जाळी लावून लाडवाचं रवाळ बेसन घरी करता येतं, बाजारच्या बेसनात कशाची भेसळ आहे आणि ते कुठल्या मशीनवर दळलंय हा प्रश्नच संपतो. इडलीचा रवाही बरा येतो.

नाचणी ठीक. तिचं टरफल बारीक बारीक काळपट दिसत राहतं पण चाळलं की चालतं, आणि नाचणी आमच्याकडे हवीच कारण आईंची हाडंही ठिसूळ निघाली होती आणि नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यात एवढं दुसऱ्या कशातच नाही. राजगिरा मात्र डोकं फिरवतो. दाणा इतका बारीक की जाडसर जाळी चुकून राहिली तर अख्खाच्या अख्खा खाली डब्यात येतो. सगळ्यात बारीक जाळी, आणि धान्य थोडं थोडं सोडायचं, मग जमतं.

बाजरी ही घरघंटीची खरी कमाई. बाजरीत तेल जास्त, पीठ चार-आठ दिवसांत कडवट व्हायला लागतं, आणि गिरणीत किलोभराच्या आत दळण घ्यायला दादा नाखूश असतात. इथे वाटीभर, दोन वाट्या, संक्रांतीला लागेल तेवढीच ताजी दळायची. फक्त तेलामुळे जाळीची भोकं बुजतात, बाजरीनंतर जाळी काढून ब्रशने साफ केल्याशिवाय दुसरं काही घालू नका.

आणि आता ज्वारी, ज्यासाठी खरं तर हे सगळं केलं. ज्वारीचं पीठ गिरणीपेक्षा डावं येतं. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. दगडी जात्यावर दाणा घासला जातो, इथे पाती वेगात फिरून दाणा आपटून फोडतात, त्यामुळे पीठ हाताला थोडं कणीदार लागतं आणि दळताना बऱ्यापैकी तापतं. भाकरी थापताना कडा चिरतात. सोलापूरकडची चांगली मालदांडी आणली तरीही. आईंनी पहिल्याच दिवशी परातीत पीठ घेऊन बोटांनी चोळलं आणि सांगितलं, याला विरी, म्हणजे चिकटपणा, कमी आहे. त्या पिढीला हे हाताला कळतं, मला तव्यावर गेल्यावर कळतं.

त्यावर आम्ही जे बसवलंय ते असं. बारीक जाळीवर दळायचं, डब्याचं झाकण उघडं ठेवून पीठ पूर्ण गार होऊ द्यायचं, आणि एकदा चाळायचं, वर राहिलेलं परत मशीनमध्ये. मग उकळत्या पाण्यात थोडं मीठ घालून पीठ घालायचं, गॅस बंद, झाकण ठेवून पाच-दहा मिनिटं उकड, आणि मग गरम असतानाच मळायचं. ज्वारीत ग्लूटेन नसतंच, तिला जो चिकटपणा येतो तो गरम पाण्याने स्टार्च फुगल्यामुळे, म्हणून पाणी कोमट असेल तर काही खरं नाही. उकड नीट झाली की भाकरी थापता तर येतेच, पोळपाटावर लाटताही येते, आणि लाटलेली पातळ असते म्हणून डब्याला बरी पडते. पीठही आठवड्याचंच दळते, जुन्या पिठाची भाकरी तुटतेच.

पोळीसारखं काहीतरी हवंच असा हट्ट असेल तर इसबगोल. हो, तोच, औषधाच्या दुकानातला. वाटीभर ज्वारी-तांदूळ मिश्र पिठाला चमचाभर इसबगोल आधी थोड्या पाण्यात भिजवून ठेवायचा, त्याचा चिक्क गोळा होतो, तो पिठात मळायचा. विकतच्या आट्यात झँथन गम नावाचं जे घालतात त्याचं काम हा करतो आणि कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. पोळी गुंडाळता येते, फ्रँकी करता येते. मात्र इसबगोल जास्त झाला तर आतून चिकट राहते आणि पोटालाही जड, शिवाय पाणी भरपूर प्यायला लागतं.

थालीपिठाची भाजणी आम्ही गव्हाशिवाय केली, ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजून मध्यम जाळीवर एकत्र. भाजलेलं धान्य मशीनमध्ये फार सुंदर दळलं जातं, कडक कोरडं असतं ना. घरातल्या कुणालाही फरक कळला नाही, खरं सांगायचं तर आधीपेक्षा खुसखुशीत होतं. मेतकूटही गव्हाशिवाय केलं, हिंग बदलून. दिवाळीत चकली, कडबोळी, अनारसे, बेसनाचे लाडू सगळं झालं, शंकरपाळ्या आणि करंज्या सोडून दिल्या. ज्वारीची शंकरपाळी करून बघा असं फोनवर सांगणाऱ्या लोकांनी ती स्वतः करून खाऊन मग सांगावं. पुरणपोळीला तांदळाच्या उकडीची पारी करून दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटते, जाड होते, पण पुरण तेच असतं आणि वर तूप. आईंनी होळीला दोन खाल्ल्या.

आवाजाबद्दल कुणी खरं सांगत नाही. दुकानात मशीन रिकामं चालवून दाखवतात तेव्हा घुं घुं एवढंच वाटतं, पण ज्वारी पडली की हळू बोललेलं ऐकू येत नाही. आमचा फ्लॅट सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर आहे, खालच्या काकूंनी पहिल्या आठवड्यातच बेल वाजवली, तेव्हापासून मी दुपारी एक ते चार सोडून दळते. पुण्यात आणखी काय सांगणार. रबराची चटई खाली घातल्यावर थोडा फरक पडला. पीठ उडतं का, तर हो, गिरणीइतकं नाही पण कापडी पिशवीच्या शिवणीतून थोडं येतंच, त्यामुळे मशीन आम्ही स्वयंपाकघरात न ठेवता मागच्या बाल्कनीत ठेवलंय, वरून पत्रा आहे. ज्या घरात गव्हाची पोळीही होते तिथे हे विशेषच बघा.

कारण आमच्याकडे गव्हाची पोळी होतेच. घरातले बाकीचे गहू खातात, सोडलेला नाही. आईंनीच तसं बजावलं, माझ्यामुळे पोरांच्या पोळ्या बंद करू नका. मग आईंचा तवा वेगळा, परात वेगळी, पोळपाट-लाटणं वेगळं कारण लाकडाच्या भेगांत पीठ बसतं, चाळणी वेगळी, आणि भाकरी आधी, पोळ्या नंतर. गव्हाचं पीठ अजूनही गिरणीतूनच येतं. यावरून बाबांशी माझं एकदा वाजलं. एवढे पैसे घालून मशीन आणलंय, तर आपले गहू पण त्यातच दळू, नंतर धुऊन टाकू, असं त्यांचं म्हणणं. पैशांच्या बाजूने बघितलं तर बरोबर आहे, पण हे मशीन धुता येत नाही! जाळ्या आणि डबा धुता येतो, चेंबर फक्त ब्रशने आणि कोरड्या फडक्याने, मोटरजवळ पाणी चालत नाही आणि पात्यांच्या मागे बोट जात नाही. एकदा गहू गेला की त्या मशीनचा आमच्यासाठी उपयोग संपला. शेवटी नवऱ्याने मार्करने दारावर मोठ्या अक्षरात ‘गहू नाही’ लिहिलं, तेव्हा वाद मिटला. शेजारच्या एक-दोघींनी दळू दे ना म्हणून विचारलं, त्यांना नाही म्हणताना थोडं वाईट वाटतं पण नाहीच म्हणते.

धान्याचंही तसंच. मशीन शुद्ध ठेवून उपयोग काय, ज्वारीतच गव्हाचे दाणे असतील तर. वाण्याकडे एकच माप गव्हाच्या पोत्यातून निघून ज्वारीच्या पोत्यात जातं, बघितलंय आपण सगळ्यांनी. आम्ही मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून अख्खं पोतं आणतो, अर्धं बहिणीकडे जातं, आणि तरीही दर वेळी ताटात पसरून निवडते. गव्हाचा दाणा सापडतो, हो, बंद पोत्यातही. मग धुऊन गच्चीवर कडकडीत वाळवून डबे भरते. पावसाळ्यात हे बंद, कारण धान्य जरा सादळलेलं असलं तरी जाळी बुजते, मोटर घुरघुरायला लागते आणि पीठ चिकटून लगदा होतो, म्हणून मे महिन्यातच चार महिन्यांचं धुऊन वाळवून ठेवायचं. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन असलं तेलकट काही मॅन्युअलमध्येच नको लिहिलंय, घालू नका.

विजेचं म्हणाल तर भीती नको. एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॉट, तासभर चालवलं तर एक युनिट धरा, आणि तासाला आमचं सात-आठ किलो तांदूळ दळून होतं, ज्वारीला थोडा जास्त वेळ लागतो. आमच्या गिरणीत किलोला आठ-दहा रुपये घेतात, म्हणजे प्रत्येक किलोमागे वाचतं बऱ्यापैकी. पण चार माणसांच्या घराच्या दळणावर मशीनचे पैसे वसूल व्हायला वर्षानुवर्षं जातील, त्यामुळे सेल्समन बचतीचं गणित मांडायला लागला की चहा घ्या आणि विषय बदला.

सर्व्हिस मात्र भंगार. दाराचं सेफ्टी स्विच सैल झालं, दार नीट लागलं नाही तर मशीन चालूच होत नाही, ते सुरक्षेसाठी बरोबरच आहे, पण एवढ्या कामाला माणूस यायला तीन आठवडे लागले आणि तोपर्यंत आई भात आणि वरईवर होत्या. आलेल्या माणसाच्या बॅगेतल्या ब्रशला पीठ लागलेलं होतं, मी आमचा ब्रश दिला. एक जास्तीची कापडी पिशवी आणि सगळ्यात बारीक जाळी पहिल्याच दिवशी विकत घेऊन ठेवा, तीच आधी फाटते.

स्टार द्यायचे तर तांदूळ-बेसन-भाजणीला पाच, ज्वारीला तीन, सर्व्हिसला एक. आईंची टीटीजी मशीन आल्यानंतरच्या टेस्टमध्ये नॉर्मलला आली आणि हिमोग्लोबिन पहिल्यांदा अकराच्या वर गेलं. त्यात हिंग बदलल्याचा वाटा किती, तवा वेगळा केल्याचा किती आणि घरघंटीचा किती हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, सगळं एकाच सुमारास झालं. आता त्यांना सत्यनारायणाच्या प्रसादाला तांदळाच्या रव्याचा शिरा करून बघायचाय, गुरुजींनी हो म्हटलंय, पण त्यासाठी कुठली जाळी लावायची यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही, कुणी केला असेल तर सांगा.